गच्चीवरची पुढची दोरी

आमच्या घराच्या गच्चीवर रस्त्याच्या बाजूला एक दोरी आहे. सकाळी ऊन आलं की पहिलं तिच्यावर येतं आणि दुपार कलली तरी तिथून हलत नाही. ती दोरी मी मिळवली. मी. आमच्या थोरल्या जाऊबाईंनी नाही. इतकी वर्षं मी हे बोलले नाही, कारण शब्द दिला होता. आता त्या शब्दाची मुदत संपली आहे. जाऊबाई मात्र भिशीला, हळदीकुंकवाला, पाहुण्या आल्या की आधी गच्चीवर नेऊन सगळ्यांना माहेरचं नाव घेऊन सांगत आल्या आहेत, "आमच्या कुरुंदवाडात पहिल्यापासनं असंच वाळवत्यात. मीच ह्या घरात आणलं." म्हणून खरं काय ते मी आता लिहूनच काढते.

नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी मलकापूरहून शिवाजी पेठेत आले. घर तालमीच्या पाठीमागे. सासरे एके काळचे पैलवान, नवरा गरीब स्वभावाचा, सासूबाई कडक. पहिल्या दोन वर्षांत मी इचलकरंजीहून कापड आणून परकर शिवले आणि गाठोडं डोक्यावर घेऊन पेठेतल्या घरोघर विकले. पुढं जिन्याखालची जागा भाड्यानं घेतली आणि लेडीज कपड्यांचं दुकान टाकलं. गाऊन, परकर, ब्लाऊजपीस आणि आतले कपडे. कुणी भांडवल दिलं नाही, कुणी पाठीवर हात ठेवला नाही. भाव पाडून घ्यायचं मी कुणाकडून शिकले नाही, ते माझ्या तोंडातच होतं. होलसेलवाला मला दारात बघितलं की आधी स्वतः पाणी प्यायचा.

आतल्या कपड्यांची विक्री हा वेगळाच प्रकार असायचा. बाई यायची, गाऊन बघायची, रुमाल बघायची, दोऱ्याची रिळं बघायची आणि सगळ्यात शेवटी आवाज खाली आणून म्हणायची, "वैनी, ते दाखवा की."

"ते म्हणजे?"

"ते हो. आतलं."

मग मी निकरांचा खोका काउंटरच्या खालीच उघडायची. ती वरून वाकून बघायची, हात न लावता बोट दाखवायची. मी कागदात गुंडाळायची, कागदावर पिशवी, पिशवीवर अजून एक पिशवी. तिचा नवरा बाहेर उभा राहून दुसऱ्याच कुणाच्या तरी स्कूटरचं चाक तपासत असायचा. चोरीचा माल नेतात तशी ती दोघं निघून जायची.

आणि हा माल दिवसभर विकणारी मी, माझी स्वतःची निकर मात्र उन्हात वाळवू शकत नव्हते.

गच्चीवर सासूबाईंचा कायदा होता. पुढच्या दोरीवर पुरुषांचे शर्ट, धोतरं, चादरी. मधल्या दोरीवर साड्या. पाण्याच्या टाकीच्या मागं, जिथं शेवाळ धरलेलं असायचं, तिथल्या आखूड दोरीवर सुनांचे आतले कपडे. तेही उघडे नाहीत. खाली निकर, तिच्यावर परकर, परकरावर पंचा. असं तीन मजली बांधकाम. कुणी पाहिलं तर वाटावं, पंचाच वाळत घातलाय. संध्याकाळी पंचा खडखडीत, परकर जरा सर्द आणि निकर पिळून काढल्यासारखी ओली. पण दुसरी कुठं होती? तीच घालायची. "अंगावर वाळतंय की," असं जाऊबाई म्हणायच्या आणि खरंच अंगावर वाळायचं, दुपारपर्यंत. माहेरीही वेगळं नव्हतं. मलकापुरात पाऊस असा, की पाळीचा कपडा गोठ्यात वैरणीच्या मागं टांगायचा आणि तो पुढच्या पाळीपर्यंत ओलाच सापडायचा. त्यामुळं मला त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं.

एका पावसाळ्यात मला खाली खाज सुरू झाली. अंगावरून पांढरं जाऊ लागलं. साधं नाही, दह्याच्या कवडीसारखं. लघवीला गेलं की आग. कुणाला सांगणार? त्या जागेला आमच्या घरात नावच नव्हतं. पोट दुखतं म्हणता येतं, गुडघा दुखतो म्हणता येतं, हे काय दुखतं म्हणायचं?

सोसणं मला जमलं असतं. पण धंद्यावर आलं, तेव्हा डोकं फिरलं. मी स्टुलावर बसून सौदा करायची. घासाघीस करणाऱ्याला दगडासारखं स्थिर बसावं लागतं. समोरच्याला वाटलं पाहिजे की ही संध्याकाळपर्यंत हलणार नाही. आणि मी तर इकडून तिकडे सरकत होते. एका बाईनं गाऊनचा भाव पाडायला सुरुवात केली आणि नेमकी तेव्हाच अशी काही खाज उठली, की मी "बरं न्या, न्या" म्हणाले. ती बाई घाबरली. तिनं गाऊन उलटापालटा करून कुठं फाटलाय का ते पाहिलं. पेठेत बातमी पसरली की जिन्याखालच्या दुकानात आजकाल मागाल तो भाव मिळतो. गर्दी वाढली आणि नफा गेला. हे असंच चाललं तर माझं दुकान एका खाजेपायी बसणार, हे मला स्पष्ट दिसायला लागलं.

मी उपाय सुरू केला. जखम धुवायचं जंतुनाशक आणलं, वासाचं, पाण्यात टाकलं की पांढरं होणारं. गरम पाण्यात ते टाकायचं आणि अंगाच्या साबणानं आतबाहेर खसाखसा धुवायचं. जितकी आग होईल तितके जंतू मरतायत, असं माझं गणित. आग भरपूर झाली. खाज त्याहून भरपूर झाली. मग मी जंतुनाशक वाढवलं.

त्यातच माझ्या लक्षात आलं की न्हाणीतली बाटली माझ्या वापरापेक्षा जास्त वेगानं उतरतेय. घरात न्हाणी वापरणाऱ्या बायका तीन. सासूबाईंना असल्या वस्तूंचा तिटकारा. राहिलं कोण? मी जाऊबाईंना स्वयंपाकघरात गाठलं.

"माझी बाटली कोण वापरतंय?"

"कसली बाटली?"

"तुम्हाला ठाऊक हाय कसली. स्वतःची आणायला काय होतंय?"

जाऊबाई कणीक मळत होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पलीकडं माजघरात बसलेल्या सासूबाईंकडं पाहिलं आणि पुन्हा कणीक मळायला लागल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. गप्प राहणं म्हणजे कबुली, असं मी धरलं आणि वर अजून चार वाक्यं सुनावली. सासूबाई सुपारी कातरत होत्या. त्याही काही बोलल्या नाहीत. मला बरं वाटलं.

बाटली संपली, खाज राहिली. शेवटी मी मिरजकर तिकटीच्या बाजूला एका डॉक्टरीणबाईंकडं गेले. मध्यमवयीन, चष्म्याची दोरी गळ्यात, बोलायला माझ्यापेक्षा फटकळ. तपासून झाल्यावर विचारलं, "कशानं धुता?"

मी सगळं सांगितलं. अभिमानानंच सांगितलं.

"फरशी आहे का ती?" त्या म्हणाल्या. "जखमेचं औषध, साबण, गरम पाणी. चांगल्या जंतूंनी राखलेली जागा तुम्ही मोकळी करून दिली आणि बुरशीला राहायला बोलावलंत. आत काही घालून धुवायचं नाही. आतली साफसफाई शरीर आपली आपण करतं. बाहेरून साधं पाणी, बस."

"आणि पांढरं जातंय ते?"

"थोडं, पातळ, वास नसलेलं सगळ्यांनाच जातं, तो रोग नव्हे. असं घट्ट झालं, खाज सुटली, वास किंवा रंग बदलला की यायचं. येताना बाटली रिकामी करून यायची नाही." त्यांनी रात्री आत ठेवायच्या गोळ्या आणि वरून लावायचं मलम लिहून दिलं. "बाकी सगळं बंद."

मला फसवल्यासारखं वाटलं. "फी घेता आणि बंद करा म्हणून सांगता व्हय? निदान एक इंजेक्शन तरी द्या. माझ्या दुकानात मी 'घेऊ नका' म्हटलं तर त्याचे पैसे घेत न्हाय."

"तुमच्या दुकानात तुम्ही कधी 'घेऊ नका' म्हणता?"

एरवी असं कुणी मला गप्प करत नाही.

"ही नायलॉनची निकर कुठून घेतली?" त्यांनी पुढं विचारलं.

"माझ्याच दुकानातनं."

"मग दुकानदाराला सांगा, सुती ठेव म्हणून. आणि वाळवता कुठं?"

मी तीन मजली बांधकामाचं वर्णन केलं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "उन्हात," त्या म्हणाल्या. "उघड्यावर, उन्हात, खडखडीत. ते जमलं नाही तर पुढच्या पावसाळ्यात परत याल. फी तेव्हाही घेईन."

फी पुन्हा द्यायची, या कल्पनेनं माझा निश्चय पक्का झाला.

गोळ्या संपेपर्यंत खाज उतरली. मी नव्या सुती निकरा घेतल्या, धुतल्या आणि सकाळी सरळ पुढच्या दोरीवर लावल्या. एका ओळीत, चिमटे मारून, वर काही न घालता. पांढरी, गुलाबी, आकाशी. मला तर ते तोरणासारखं वाटलं.

सासूबाई तुळशीला पाणी घालायला वर आल्या. तांब्या हातातून पडला नाही, पण पाणी सगळं पायावर पडलं.

"अगं ए! सगळ्या पेठेनं बघावं म्हणून लावलंस व्हय गं?"

"आत्ती, डाक्टरीणबाईंनी सांगितलंय. उन्हात वाळवलं न्हाई तर रोग हुतोय."

"आमाला न्हाई झाला तो. काढ आधी!"

"समोर बघा की जरा."

समोर तालमीच्या भिंतीवर लंगोट वाळत होते. लाल, लांबच लांब, वाऱ्यावर फडफडणारे. रोज वाळायचे. रस्त्यानं जाणारा-येणारा त्यांच्याखालून जायचा. कुणाला कधी पंचा घालून झाकावेसे वाटले नव्हते.

"ते मारुतीरायाचं हाय," सासूबाई म्हणाल्या.

"मग हे काय रावणाचं हाय?"

"तोंड सांभाळ!" आणि त्यांनी स्वतःच्या हातानं एकेक निकर काढली, चिमट्यासकट, जणू विंचू धरलाय अशी, आणि टाकीच्या मागं नेऊन परकराखाली गाडली. दुसऱ्या दिवशी मी परत लावल्या. त्यांनी परत काढल्या. तिसऱ्या दिवशी त्या माझ्या आधी वर जाऊन पुढच्या दोरीवर टोकापासून टोकापर्यंत चादरी घालून बसल्या. धुतलेल्या नव्हत्या, कपाटातल्या कोरड्या चादरी. जागा अडवण्यासाठी!

मग मी जेवणाच्या पंगतीत डाव टाकला. सासरे ताटावर होते, नवरा आणि दीर होते, सासूबाई वाढत होत्या. मी साळसूदपणे विचारलं, "मामा, पैलवानानं ओला लंगोट घातला तर काय हुतंय?"

सासऱ्यांना तालमीबद्दल कुणी विचारलं की भाकरी निवली तरी चालायची. "ओला लंगोट? अजिबात न्हाई! जांघंत गजकर्ण उठतंय. खाजवून खाजवून पैलवान बाद. आमचे वस्ताद लंगोट हातात घेऊन बघायचे. जरा सर्द लागला की कानाखाली. लंगोट कसा, उन्हात करपला पायजे. सावलीत वाळलेला लंगोट म्हंजी रोगाचं घर."

"असं व्हय," मी म्हणाले. "मग हेच बायकांच्या बाबतीत..."

सासूबाईंच्या हातातली आमटीची पळी दिराच्या ताटाऐवजी पाटावर रिकामी झाली. नवऱ्याला ठसका लागला. सासऱ्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा सासूबाईंकडं पाहिलं, भाकरी अर्धी सोडली, टोपी घातली आणि "तालमीत जाऊन येतो" म्हणून निघून गेले. जेवणाच्या वेळी तालमीत कुणी नसतं. जाऊबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मदतीला एक शब्द बोलल्या नाहीत. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. ज्यांच्या कुरुंदवाडात पहिल्यापासून उन्हात वाळवतात, त्याच बाई त्या दिवशी नुसतं लोणचं वाढत होत्या.

त्यानंतर काही दिवस सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. दोरीवर कोरड्या चादरी तशाच. मी हरले, असं पहिल्यांदाच मनात आलं. ढग भरून येत होते आणि मला स्टुलावरची जुनी चुळबुळ आठवत होती.

मग एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, सासूबाई दुकानात आल्या. दुकान काढल्यापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. "चड्ड्यांचं दुकान" म्हणून त्या दुकानासमोरून जाताना मान फिरवायच्या. आल्या, स्टुलावर बसल्या, आणि मी बघत राहिले. त्या सरकल्या. डावीकडं. मग उजवीकडं. मग पुन्हा डावीकडं.

ती चुळबुळ मी ओळखते.

"तुझी ती डाक्टरीण," त्या रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "म्हाताऱ्या बायकांना बघती का?"

माझी बाटली कुठं गेली ते मला त्या क्षणी कळलं. जाऊबाईंना चोर म्हटलं होतं ते मात्र मी मागं घेतलं नाही. बाटली नसेल घेतली, माझा चांगला चिमट्यांचा जोड कुणी नेला?

"बघती की," मी म्हणाले. "कधीपासनं हाय?"

"हाय बरीच वर्सं. येतंय, जातंय. तू कुणाला बोलायचं न्हाईस."

समोरच्याला गरज आहे हे कळल्यावर सौदा करायचा नसतो, असं काही लोक मानतात. मी त्यातली नाही. "नेते," मी म्हणाले. "पण पुढची दोरी मला पायजे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग होता आणि थोडी ओळखही होती, एका बाजारकरणीनं दुसऱ्या बाजारकरणीकडं बघावं तशी. "अर्धी."

"अख्खी. आणि उघड्यावर."

"दुपारपातूर. मग काढायचं."

"चालंल."

"आणि मी दवाखान्यात गेलतो हे घरात, पेठेत, कुणालाबी कळता कामा नये. दोरी का दिली ते मी माझं सांगीन. तू मधी तोंड घालायचं न्हाई."

"कधीपातूर?"

"म्हंजी?"

"मुदत. मी कायमचा शब्द देत न्हाई कुणाला."

सासूबाई हसल्या. मी त्यांना हसताना फार वेळा पाहिलेलं नाही. "मी हाय तोवर. मी गेल्यावर गावभर सांग."

अंबाबाईला जातो असं सांगून आम्ही निघालो. दवाखान्यात सासूबाईंनी पहिलंच वाक्य टाकलं, "माझं न्हाई वो, माझ्या मैतरणीचं हाय."

"बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग मैत्रिणीला टेबलावर झोपवा."

सासूबाई जरा वेळ खोलीत मैत्रीण शोधत असल्यासारख्या बघत राहिल्या आणि मग लुगडं सावरत टेबलावर चढल्या. तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, वय झालं की तिथली कातडी कोरडी पडते हे समजावलं, आणि रक्त तपासायला सांगितलं. "अशी खाज सारखी परत येत असेल तर साखर बघून घ्यायची."

साखर निघाली. चांगली वाढलेली. वेळेत कळली म्हणून बरं, असं त्या म्हणाल्या. गोड बंद झालं, गोळ्या सुरू झाल्या, खाज थांबली. घरात सांगितलं की डोळे तपासायला गेल्यावर कळलं. त्या पहिल्या दिवशी दवाखान्यातून येताना आम्ही खरंच अंबाबाईला जाऊन आलो. खोटं नको म्हणून सासूबाईंचाच आग्रह.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी दोघी सुनांना गच्चीवर बोलावलं. कोरड्या चादरी काढल्या, दोरीवर हात फिरवला आणि जाहीर केलं, "आजपासनं आतलं सगळं हितं. उघडं. थोरली म्हणती, त्यांच्या कुरुंदवाडात असंच वाळवत्यात. तिचं माहेर चांगलं हाय. मला पटलं."

माझं तोंड उघडलं. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी ते मिटलं. जाऊबाईंनी एकदा पापण्या हलवल्या आणि म्हणाल्या, "व्हय की. पहिल्यापासनं."

तेव्हापासून ही गोष्ट त्यांची झाली. दोरीवरचं पाहून शेजारणी विचारायला लागल्या, जाऊबाई सांगायला लागल्या. ऊन, सुती कापड, आत साबण न्यायचा नाही, पाळीत घडी वेळेवर बदलायची, पुसताना पुढून मागे. माझ्या डॉक्टरीणबाईंचं एकेक वाक्य कुरुंदवाडच्या नावावर. त्यांना ते सांगितलं कुणी? मीच, स्वयंपाक करताना. माझी सुती निकरांची विक्री वाढली हे खरं आहे, पण गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, "थोरल्या वैनींनी सांगितलं म्हणून आलो." ते ऐकून मी एक पैसा सोडला नाही कुणाला.

सासूबाई पिकल्या वयाच्या होऊन गेल्या. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. एका सकाळी आम्ही दोघी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो, घरात नुकतीच आलेली नवी सून चिमटे देत होती आणि जाऊबाई तिला सांगायला लागल्या, "आमच्या कुरुंदवाडात..."

"बास," मी म्हणाले. "मुदत संपली." आणि सगळं सांगितलं. चुळबुळ, दवाखाना, मैत्रीण, साखर, सौदा. नवी सून चिमटा हातात धरून उभी राहिली. मला वाटलं, जाऊबाई आता उघड्या पडणार.

जाऊबाईंनी पिळलेला परकर झटकला. "मला ठाऊक हाय की. बाटली आत्ती संपवत्यात हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. तू मला चोर म्हणलीस त्या दिवशी मी त्यांचं नाव घेतलं असतं तर?"

"मग घेतलं का न्हाई?"

"आत्ती रात्री म्हणल्या, गप बसलीस, तुझं काय द्यायचं? मी म्हणले, आत्ता काय नको, पुढं बघू. मग ही दोरी निघाली, तवा त्यांनी मानाची गोष्ट माझ्या नावावर केली. फिटंफाट."

म्हणजे सासूबाईंनी एकच दोरी दोघींना विकली होती. ऊन मला, नाव हिला. आणि दोघींची तोंडं बंद. मी इतक्या होलसेलवाल्यांना घाम फोडला, पण असा व्यवहार मी आयुष्यात केलेला नाही.

"आणि तुमची मुदत काय ठरली होती?" मी विचारलं.

"मुदत?" जाऊबाई म्हणाल्या. "मी न्हाई बाई असलं काय घातलं. मला कायमचंच दिलंय."

आणि नव्या सुनेकडं वळून त्यांनी पुन्हा सुरुवात केली, "तर आमच्या कुरुंदवाडात..."

मी त्यांचा परकर उचलून टाकीच्या मागं नेऊन टाकला.